एकदांडीचा लेप

मनमाडहून सकाळची पॅसेंजर धरून मी नाशिकला एम.एस्सी.साठी येत असे, ती नव्वदच्या दशकातली मधली वर्षं. वडील रेल्वेच्या कारखान्यात होते, त्यामुळे गाडी कुठे रखडते आणि का रखडते हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक असायचं. माझा विषय सूक्ष्मजीवशास्त्र. आमच्या आळीत तो शब्द कुणाच्या तोंडात बसत नसे. आई शेजारणींना सांगायची, "जंतूंचं शिकते." मग मी जवळून गेले की एखादी बाई हळूच पदर नाकाशी न्यायची.

दुसऱ्या वर्षी प्रत्येकाला एक छोटं संशोधन करावं लागे. मला ज्या सरांकडे घातलं त्यांचा विषय वर्षानुवर्षं एकच होता. औषधी झाडांच्या पानांचा अर्क काढायचा आणि तो जंतूंना मारतो का ते पाहायचं. अडुळसा, निर्गुडी, करंज, टणटणी, कडुलिंब, सगळं त्यांनी करून पाहिलं होतं. पण त्यांचा खरा जीव एकदांडीवर होता.

एकदांडी कुठेही उगवते. रस्त्याच्या कडेला, रुळांच्या बाजूला, शाळेच्या मैदानावर. जमिनीलगत पसरलेली खरखरीत पानं आणि मधून वर आलेला एकच लांब दांडा, त्याच्या टोकाला इवलंसं फूल. शेतात कुणाला विळा लागला की हाच पाला तळहातावर चोळून जखमेवर पिळतात. सर नाशिकच्या कडेच्या मळ्यातले. घरी भाजी आणि झेंडू. लहानपणी गवत कापताना त्यांची करंगळी चिरली होती, आईने एकदांडी पिळली, आणि जखमेला पू धरला नाही. ही हकीकत ते दर वर्षी नव्या मुलांना सांगत आणि करंगळी वर करून दाखवत. आम्हाला तिथे काही दिसायचं नाही.

काम कंटाळवाणं होतं. पानं धुवायची, कॉलेजच्या गच्चीवरच्या खोलीत जुन्या वर्तमानपत्रांवर सावलीत वाळवायची, मिक्सरमधून त्यांची भुकटी करायची, ती अल्कोहोलात भिजत ठेवायची, मग गाळून ते अल्कोहोल गरम पाण्यावर हळूहळू उडवून द्यायचं. खाली उरायचा काळपट हिरवा चिकट गोळा, डांबरासारखा. घमेलंभर पाल्यातून जेमतेम चमचाभर. मग काचेच्या बशीत जेलीसारखा थर ओतायचा, त्यावर जंतू पसरायचे, मधे एक छोटा खड्डा पाडून त्यात अर्काचे थेंब सोडायचे आणि बशी उबेला ठेवून द्यायची. दुसऱ्या दिवशी सगळ्या बशीवर जंतूंची दुधट साय आलेली असे. अर्काने काम केलं असेल तर खड्ड्याभोवती तेवढं गोल कडं स्वच्छ राहायचं, जंतू नसलेलं. ते कडं आम्ही प्लॅस्टिकच्या पट्टीने मोजायचो.

माझ्या बशीत पहिल्यांदा कडं दिसलं तेव्हा सर माझ्या खांद्यावरून वाकून बघत होते. "आलं," एवढंच म्हणाले आणि पुढच्या टेबलाकडे गेले. त्या दिवशी गाडीत बसायला जागा मिळाली नाही, तरी मनमाडपर्यंत मला त्याचं काही वाटलं नाही.

पण त्याच आठवड्यात त्यांनी आम्हाला समोर बसवून जे सांगितलं तेही मला आठवतं. "हे जंतू बशीत मेले. बशीत रक्त नाही, मांस नाही, ताप नाही. बशीत काय मेलं यावरून माणसाबद्दल एक वाक्यही लिहायचं नाही. लिहिलंत तर मी सही करणार नाही." एका मुलाने तरीही शेवटच्या परिच्छेदात लिहिलं की या पाल्यापासून जखमेवरचं औषध बनू शकेल. सरांनी तो परिच्छेद आडवी रेघ मारून काढून टाकला होता.

पास झाल्यावर मी त्याच विभागात तासिका तत्त्वावर शिकवायला लागले. लग्न झालं, नाशिकलाच घर झालं, रोजचा गाडीचा प्रवास सुटला. सरांच्या टेबलासमोर माझं टेबल आलं. उंच, वाळका माणूस, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. मुलांनी बूट घातले नाहीत तर ओरडायचे आणि स्वतः चपला घालून फिरायचे. घरी बायको आणि ते, दोघंच. एक मुलगी होती, ती लग्न होऊन नागपूरला. त्यांच्या पत्नी महापालिकेच्या शाळेत शिक्षिका होत्या, नुकत्याच निवृत्त झाल्या होत्या. त्यांना आम्ही सगळे काकू म्हणायचो.

दोन हजार साल उलटलं तोवर पानांच्या अर्काचा विषय सगळीकडेच झाला होता. ज्या कॉलेजात उबेची पेटी आहे तिथे कुणी ना कुणी पानं वाळवत होतं. पुण्याला एका परिषदेत सरांनी एकदांडीवरचं काम मांडलं. मी सोबत होते. बोलून झाल्यावर पहिल्या रांगेतल्या एका तरुण माणसाने विचारलं, "सर, हे कडं तुम्ही इतकी वर्षं मोजताय. पुढे काय?" त्याने ते उद्धटपणे विचारलं नव्हतं. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. सर माईकसमोर उभे राहिले, काहीतरी सुरू केलं, थांबले, आणि "अजून काम चालू आहे" म्हणून खाली बसले. परतीच्या एस.टी.त ते खिडकीशी बसले होते. सिन्नर मागे पडलं. मग म्हणाले, "त्याने बरोबर विचारलं." मी म्हटलं, विचारणाऱ्याला काय जातंय. त्यावर त्यांनी डोळे मिटून घेतले.

त्यानंतरच्या हिवाळ्यातली गोष्ट. प्रयोगशाळेच्या पांढऱ्या फरशीवर मला लालसर डाग दिसले. आमच्याकडे जंतू रंगवायला एक लाल रंग वापरतात, मला वाटलं कुणा मुलाने तो सांडला. ओलं फडकं घेऊन पुसायला वाकले तर डाग रांगेने पुढे चालले होते, दारापासून सरांच्या टेबलापर्यंत. सर उभे राहून काहीतरी ढवळत होते.

"सर, तुमचा पाय."

त्यांनी खाली पाहिलं. चप्पल काढायला गेले तर ती पायाला चिकटलेली. बाभळीचा काटा तळातून आरपार येऊन अंगठ्याच्या खालच्या मांसात रुतला होता. त्याच सकाळी ते गंगेच्या, म्हणजे गोदावरीच्या, काठाने पाला तोडायला गेले होते. तेव्हापासून त्या काट्यावरच चालत होते.

"दुखत नाही गं," ते म्हणाले. जखमेकडे ते असं बघत होते जसं दुसऱ्या कुणाच्या पायाकडे बघावं.

त्यांना बरीच वर्षं शुगर होती. गोळ्या घ्यायचे, चहा बिनसाखरेचा, आणि त्यापलीकडे तो विषय काढायचे नाहीत. शुगरवाल्यांच्या पायाची जाणीव आधी जाते, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. मी म्हटलं, "दुखत नाही हेच वाईट आहे, सर."

कॉलेजजवळच्या डॉक्टरांनी काटा काढला, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं, आणि आजच्या आज सर्जनला दाखवा असं बजावलं. सर म्हणाले, दाखवतो. दुसऱ्या दिवशी ते नेहमीच्या वेळेला प्रयोगशाळेत आले, खुर्चीवर बसले, पाय स्टुलावर ठेवला आणि मला म्हणाले, "स्वॅब घे."

जखमेतला स्राव कापसाच्या काडीवर घेऊन त्यातले जंतू वाढवायचे, हे आमचं रोजचंच काम. मी घेतला. मला वाटलं, सर्जनकडे नेण्यासाठी रिपोर्ट हवा असेल. बशीत जे वाढलं ते नेहमीचंच होतं, कातडीवरच्या जखमांना पू आणणारे जंतू. सरांनी त्यांच्यावर औषधांत भिजवलेल्या कागदी चकत्या लावायला सांगितल्या आणि एका बशीत एकदांडी.

दुसऱ्या दिवशी एकदांडीच्या खड्ड्याभोवती कडं होतं. मोठं, गोल, काठ अगदी स्वच्छ. सरांनी बशी उजेडाकडे धरली. किती वर्षांनी मी त्यांना तसं हसताना पाहिलं. त्यांनी कपाटातून अर्काची बाटली काढली आणि व्हॅसलिनची डबी.

"सर, हे जंतू बशीत मेलेत," मी म्हटलं.

ते वाक्य कुणाचं होतं हे त्यांना कळलं. "माझंच मला सांगतेस."

"तुम्हीच शिकवलंत."

"मग हेही ऐक. बशीतून माणसात कुणीतरी न्यायलाच हवं. परक्याच्या पायावर मी हे लावू शकत नाही. तशी परवानगी मिळत नाही आणि मिळूही नये. माझ्या पायाला कुणाची परवानगी लागते?"

"काकूंची."

ते हसले आणि डबीत अर्क कालवत राहिले. मी सर्जनचं नाव काढलं, ते म्हणाले, दोन्ही करतो, एकाने दुसऱ्याचं बिघडत नाही. मी अपॉइंटमेंट घेऊन ठेवली. त्या दिवशी ते कॉलेजला आले नाहीत आणि डॉक्टरांकडेही गेले नाहीत. पुन्हा घेतली, तेव्हा त्यांनी मला सरळ सांगितलं की माझ्या घरातल्या माणसासारखं वागू नकोस.

रोज दुपारी दार लावून ते पट्टी सोडायचे, लेप लावायचे, नवी पट्टी बांधायचे. पहिले काही दिवस जखम कोरडी वाटली. त्यावर काळी खपली धरली. पण लेपही काळाच होता. खपली कुठली, लेप कुठला आणि कातडी कुठली, ते सांगता येईना. मी एकदा वाकून पाहिलं तर अंगठ्याशेजारचं बोटही काळसर वाटलं. "लेप पसरलाय," सर म्हणाले. "पुसून बघू या," मी म्हटलं. त्यांनी पाय मागे घेतला.

द्राक्षांचे दिवस होते. कॉलेजच्या रस्त्याला हातगाड्या लागल्या होत्या. एका सकाळी मी प्रयोगशाळेत शिरले तर पिकलेल्या द्राक्षांचा गोड, जड वास भरून राहिला होता. मुलांना ओरडायला म्हणून मी वळले, इथे खायला आणायचं नाही हे किती वेळा सांगायचं म्हणून. खोलीत मुलं नव्हती. सर एकटेच होते, पट्टी सोडून बसलेले.

आमच्या विषयातल्या प्रत्येकाला तो वास माहीत असतो. पाण्यात, ओलसर जागी, दवाखान्याच्या मोऱ्यांमध्ये राहणारा एक जंतू आहे, तो वाढला की असा वास येतो. धडधाकट माणसाला तो काही करत नाही. जिथे मांस मरायला लागलेलं असतं तिथे जाऊन बसतो. सरांच्या पट्टीवर निळसर हिरवा डाग होता, मोराच्या पिसासारखा.

मी स्वॅब घेतला. त्यांनीही घेऊ दिला. दुसऱ्या दिवशी सगळी बशी हिरवी झाली होती. एकदांडीच्या खड्ड्याच्या अगदी काठापर्यंत जंतू वाढले होते, कडं नव्हतंच. औषधांच्या चकत्यांपैकीही बहुतेकांना त्यांनी दाद दिली नव्हती. दोनच औषधांभोवती जागा सुटली होती, तीही अरुंद.

सरांनी ती बशी हातात घेऊन सावकाश फिरवली. "अर्क जुना झाला असेल," ते म्हणाले. "ताजा पाला आणून नवीन काढू."

त्यांच्या कपाळावर घाम होता आणि हात तापलेला होता, बशी घेताना मला लागला. तास संपल्यावर मी रिक्षा केली आणि त्यांच्या घरी गेले.

काकू अंगणात चादरी वाळत घालत होत्या. मी आत न जाता तिथेच उभी राहिले. विचारलं, सरांच्या पायाचं काय चाललंय.

"बरं आहे म्हणतात. डॉक्टरांनी काळं मलम दिलंय. मला हात लावू देत नाहीत, स्वतःच बांधतात."

"काकू, ते मलम डॉक्टरांनी दिलेलं नाही. आमच्याकडे केलेलं आहे. पाल्याचं."

त्यांनी हातातली चादर दोरीवर टाकली आणि नीट ओढून सरळ केली. मग पायरीवर बसल्या. "चादरीला हिरवे डाग पडतात," त्या म्हणाल्या. "धुतले तरी जात नाहीत. मी म्हटलं, मलमाचा रंग असेल."

"वास येतो का?"

"द्राक्षांचा येतो. मी म्हटलं, बाहेरून येत असेल."

मी त्यांना सगळं सांगितलं. काटा, लेप, मी घेतलेल्या वेळा, बशीत काय आलं ते. त्या पायरीवर बसूनच ऐकत होत्या. शिक्षिका होत्या, ऐकून घ्यायची सवय होती. शेवटी विचारलं, "ताप आहे?" मी हो म्हटलं. त्या उठल्या, घराला कुलूप लावलं, आणि माझीच रिक्षा थांबलेली होती तिच्यात बसल्या.

प्रयोगशाळेत प्रॅक्टिकल चालू होतं. काकू आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच त्या खोलीत आल्या असतील. मुलं बाजूला झाली. सर टेबलाशी उभे होते. काकू त्यांच्यासमोर जाऊन म्हणाल्या, "चला."

सरांनी आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "तू सांगितलंस."

"हो, सर."

त्यांनी ॲप्रन काढला, खुंटीला अडकवला. मुलांना म्हणाले, "गॅस बंद करा, बाकीचं उद्या." आणि काकूंच्या मागे चालायला लागले. लंगडत नव्हते. तेच बघवत नव्हतं.

मीही सोबत गेले. खाजगी दवाखाना होता. सर्जन वयाने सरांच्या विद्यार्थ्यांएवढा. त्याने सलाईनच्या पाण्याने लेप धुवायला सुरुवात केली. नर्सने दोनदा पाणी बदललं. लेप निघाला तसं खालचं दिसायला लागलं. दोन बोटं कोळशासारखी काळी, तळव्याला भोक, आणि त्या भोकात काहीतरी पांढरं, ते हाड होतं. काकूंनी पाहिलं. त्यांनी तोंड फिरवलं नाही.

"हे काय लावलं होतं?" सर्जनने विचारलं.

सरांनी वनस्पतीचं पूर्ण शास्त्रीय नाव सांगितलं. अर्क कसा काढला तेही सांगायला लागले. सर्जनने नम्रपणे ऐकलं आणि म्हणाला, "सर, हे पहिल्या दिवशी माझ्याकडे आलं असतं तर कदाचित एखाद्या बोटावर भागलं असतं. आता पाय गुडघ्याखालून कापावा लागेल. आणि लवकर. विष वर चढतंय."

सरांनी विचारलं, "जंतूसाठी काय देणार?"

मी बशीवरचा निकाल आधीच त्याच्या हातात दिला होता. त्याने त्या दोन औषधांची नावं घेतली. सरांनी मान हलवली, एखाद्या विद्यार्थ्याने तोंडी परीक्षेत बरोबर उत्तर द्यावं तशी, आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. सही काकूंनी केली.

बाहेर मी सर्जनला विचारलं, पाल्यामुळे वाढलं का. "त्या पायात रक्तच नीट पोचत नव्हतं. पाल्याने बिघडवलं असं मी म्हणणार नाही. पाल्यात वेळ गेला."

ऑपरेशन झालं. मुलगी नागपूरहून आली, राहिली, तिच्या मुलांची शाळा होती म्हणून परत गेली. सर घरी आले तेव्हा मी एक दिवसाआड संध्याकाळी जायला लागले. ते पलंगावर वर्तमानपत्र घेऊन बसलेले असायचे. मी आले की पान उलटायचे. मी विभागातल्या गोष्टी सांगायचे, कुणाची बदली झाली, उबेची पेटी बिघडली, नवीन मुलं कशी आहेत. ते "हं" म्हणायचे. पांघरुणाखाली एका बाजूला पायाचा उंचवटा मधेच संपायचा. तिकडे बघायचं नाही असं ठरवून मी खिडकीकडे बघायचे.

एकदा काकू आत चहा करत असताना मी विचारलं, "सर, तुम्ही माझ्यावर चिडलात का?"

त्यांनी वर्तमानपत्र खाली घेतलं. "तू बरोबर केलंस," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता, काहीच नव्हतं. मग त्यांनी वर्तमानपत्र पुन्हा वर घेतलं.

त्या दिवशी काकू मला फाटकापर्यंत सोडायला आल्या. म्हणाल्या, "बाळा, काही दिवस येऊ नकोस. तू येऊन गेलीस की ते जेवत नाहीत." मी बरं म्हटलं. रिक्षात बसल्यावर मला रडू आलं, ते घर येईपर्यंत थांबलं नाही.

पुढचं मला इतरांकडून कळत गेलं. जयपूरचा कृत्रिम पाय करून घेतला, पण तो त्यांनी क्वचितच लावला. मग दुसऱ्या पायाला जखम झाली. या वेळी सगळं वेळच्या वेळी केलं, तरी दुसऱ्या पायाची बोटं गेली. मग मूत्रपिंडं. निवृत्तीची तारीख घरीच येऊन गेली. विभागाने शाल आणि श्रीफळ घरी नेऊन दिलं, मी गेले नाही. आणखी एक पावसाळा त्यांनी काढला. गेले तेव्हा पुरुषमाणसं अमरधामला गेली आणि मी काकूंपाशी बसले होते. घरात गर्दी होती, बोलणं झालं नाही.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. सरांच्या पायातला तो हिरवा जंतू मी एका छोट्या नळीत जपून ठेवला होता. तेव्हा कारण साधं होतं, औषध लागू पडलं नाही तर पुन्हा तपासायला हवा म्हणून. सर घरी गेले, नळी फ्रिजमध्येच राहिली. असे जंतू नव्या नळीत बदलत राहावे लागतात, नाहीतर मरतात. मी दर महिन्याला बदलत गेले. आमच्याकडचे बाकीचे जंतू वर्षानुवर्षं पाळलेले, मवाळ झालेले होते. कुठलाही पाला लावला तरी मरायचे. हा मरत नसे. त्यामुळे मुलांना शिकवायला तो फार उपयोगी होता. एखाद्या मुलाला आपल्या पाल्याचा फार अभिमान वाटायला लागला की मी त्याला म्हणायचे, यावर लावून बघ. भारनियमनाच्या वर्षांत दिवसाचा निम्मा वेळ वीज नसायची. तेव्हा फ्रिजमध्ये बर्फाच्या पिशव्या भरून मी तो टिकवला. विभागात त्याला सगळे "सरांचा स्ट्रेन" म्हणायचे, स्ट्रेन म्हणजे जंतूचा वाण. मुलांना वाटायचं, सरांनी तो शोधून काढला.

सर गेल्यानंतरच्या वर्षी विभागाची रंगरंगोटी निघाली आणि त्यांचं कपाट रिकामं करायचं ठरलं. काकूंना निरोप गेला. त्या एकट्याच आल्या, कापडी पिशवी घेऊन. कपाटात चष्म्याचं घर, एक स्वेटर, डबा, आणि अर्काच्या बऱ्याच बाटल्या होत्या, तळाशी वाळून गेलेल्या. त्यांनी स्वेटर आणि चष्म्याचं घर घेतलं. तेवढ्यात एक मुलगी दारातून मला म्हणाली, "मॅडम, सरांचा स्ट्रेन कुठे ठेवलाय?"

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. "काय मागतेय ती?"

खोटं सांगायचं माझ्या मनात आलं होतं. सांगता आलं नाही. मी म्हटलं, त्यांच्या पायातून घेतलेला जंतू आहे, मुलं प्रयोगाला वापरतात.

"जिवंत?"

"हो."

"दाखव."

मी फ्रिज उघडून नळी काढली. बोटाएवढी काचेची नळी, तोंडाला कापसाचा बोळा, आत तिरप्या थरावर हिरवट चमक. काकूंनी ती हातात घेतली नाही. चष्मा लावून वाकून पाहिली.

"एवढंसं," त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "ते गेले आणि हा इथे थंडगार बसलाय."

"मुलांना शिकवायला लागतो, काकू."

"दुसरं काही वापर." वर्गात मुलाला जागेवर बसायला सांगावं तसा त्यांचा आवाज होता. "याला मारून टाक. माझ्यासमोर."

सगळ्या नळ्या मी एका डब्यात घातल्या, फ्रिजमधल्या आणि उबेच्या पेटीतल्याही. ऑटोक्लेव्ह म्हणजे मोठा कुकरच, वाफेच्या दाबाने आतलं सगळं मारणारा. काकू म्हणाल्या, "हा तर कुकर आहे," आणि स्टूल ओढून त्याच्यासमोर बसल्या. दाराशी उभी राहिलेली ती मुलगी कधीतरी निघून गेली. दाबाचा काटा वर चढला, वाफ सुटली, खोलीत ओला, शिजल्यासारखा वास पसरला. काकू पिशवी मांडीवर घेऊन शेवटपर्यंत बसून राहिल्या. झाकण उघडल्यावर मी त्यांना नळ्या दाखवल्या. आतला थर वितळून खाली गोळा झाला होता, रंग मातकट.

"मेला ना नक्की?"

"नक्की."

आम्ही कँटीनमध्ये चहा घेतला. त्या नागपूरला मुलीकडे कायमच्या जाणार होत्या, घर विकायला काढलं होतं. कपातला चहा संपत आला तेव्हा त्यांनी विचारलं, "कापलेला पाय दवाखानावाले काय करतात गं?"

"जाळतात, काकू."

"विधी काही नाही."

"नाही."

त्यांनी मान हलवली. मग मी इतकी वर्षं जे विचारायचं टाळलं होतं ते विचारलं. "सर नंतर माझ्याबद्दल कधी काही बोलले का?"

काकूंनी माझ्याकडे नीट पाहिलं. मला बरं वाटावं म्हणून त्या काहीतरी सांगू शकल्या असत्या. "नाही," त्या म्हणाल्या. "एकदाही नाही."

मी त्यांना रस्त्यापर्यंत पोचवलं. रिक्षावाल्याला त्यांनी पत्ता सांगितला, पिशवी शेजारी ठेवली, आणि रिक्षा सुटल्यावर मागे वळून पाहिलं नाही. मला दुपारचं प्रॅक्टिकल होतं. मुलं थांबली होती.